चिनी सुलेखनात वेळ कुठे दिसतो?

दुसऱ्या शतकात, हान राजवटीच्या उतरत्या काळात, झांग झी नावाचा एक सुलेखनकार होऊन गेला. धावत्या लिपीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच्याबद्दल एक गोष्ट चीनमध्ये आजही सांगतात. घाईत असला की तो म्हणायचा, ‘गडबड आहे, धावती लिपी लिहायला सवड नाही.’

ऐकायला हे उलटंच वाटतं. धावती लिपी निघालीच मुळी वेळ वाचवायला. भराभर लिहिता यावं म्हणून रेघा एकमेकींना जोडल्या, काही गाळून टाकल्या. मग तीच लिहायला जास्त सवड का लागावी? झांग झी विनोद करत नव्हता. त्याचं म्हणणं समजलं की चिनी सुलेखनाचं निम्मं कोडं सुटतं.

चिनी सुलेखन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पांढऱ्या दाढीचा, शांत चेहऱ्याचा, संथ हाताचा म्हातारा. ‘संयमाची कला’ हे बिरुदही तयारच असतं. हे चित्र खोटं नाही, पण अर्धवट आहे. या परंपरेने चालत्या लिपीत, म्हणजे सुट्या आणि धावत्या लिपीच्या मधल्या शैलीत, सर्वांत वरचा मान दिलेली तीन हस्तलिखितं बघा. पहिलं, वांग शीझीने ३५३ मध्ये लिहिलेली ‘लानथिंग’ म्हणजे ऑर्किड मंडपातल्या मेळाव्याची प्रस्तावना. दुसरं, यान झेनछिंगने मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी ७५८ मध्ये लिहिलेला शोकलेख. तिसरं, अकराव्या शतकात हद्दपारीत दिवस काढणाऱ्या सू शीच्या दोन पावसाळी कविता. तिन्हींत खाडाखोड आहे. पहिली दोन तर चक्क कच्चे खर्डे आहेत. म्हणजे जी परंपरा माणसाला तीस-तीस वर्षं एकच कित्ता गिरवायला लावते, तीच शेवटी डोक्यावर घेते ते एका बैठकीत लिहिलेले, डाग पडलेले, शब्द खोडलेले कागद!

मला यात विसंगती दिसत नाही. इथे खरा वेळ खर्च होतो तो कुंचला कागदाला टेकण्याआधी. टेकल्यावर जे काही क्षण जातात ते कागदावर जसेच्या तसे उमटून राहतात, पुसता येत नाहीत. लेखातलं पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरणार आहे.

सुरुवात शाईपासून करू. पारंपरिक चिनी शाई बाटलीत नसते, तिची कांडी असते. घटक दोनच मुख्य: काजळी आणि प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला सरस. काजळी पाइनचं लाकूड जाळून धरतात किंवा तुंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल दिव्यांत जाळून. पाइनच्या काजळीचा काळा जरा निळसर आणि बिनचकाकीचा, तेलाच्या काजळीचा काळा गडद, तुकतुकीत. काजळी सरसात मळतात, घणाने कुटतात, लाकडी साच्यात दाबतात आणि मग वाळायला ठेवतात. वाळवण्याचं काम महिनोन् महिने चालतं, कारण कांडी भरभर वाळली तर तडकते. चांगल्या घराण्याची जुनी कांडी नव्या कांडीपेक्षा भाव खाते. जुनी झाली की सरसाचा चिकटपणा उतरतो आणि शाई कुंचल्यातून मोकळी वाहते.

ही कांडी दगडावर उगाळायची. देवघरात सहाणेवर चंदन उगाळताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कृती वेगळी सांगायला नको: थोडंसं पाणी, कांडी उभी धरायची, गोल गोल फिरवायची, जोर लावायचा नाही. जोर लावला की कण जाडेभरडे सुटतात, शाईला फेस येतो आणि रेघ खरबरीत उमटते. जुना सल्ला असा की कुंचला धरावा पैलवानासारखा आणि शाई उगाळावी आजाऱ्यासारखी. दगडही साधा चालत नाही. तो इतका गुळगुळीत नको की कांडी नुसती घसरेल, इतका खरखरीत नको की ती ओरबाडली जाईल. क्वांगतोंग प्रांतातल्या झाओछिंगजवळचे ‘त्वान’ दगड यासाठीच तांग काळापासून नावाजलेले आहेत.

सू शी हा कवी शाईचा शौकीन संग्राहक होता. आपल्याकडच्या कांड्यांच्या साठ्यावरून त्याने एका कवितेत स्वतःचीच थट्टा केली आहे. एवढी शाई तीस वर्षं पुरेल, पण तोवर केस आणि दात टिकतील का, अशी त्याला शंका आहे. आणि पुढे तो म्हणतो: माणूस शाईला झिजवत नाही, शाईच माणसाला झिजवते. हे वाक्य हल्ली ध्यानधारणेच्या सुरात, फार गंभीर चेहऱ्याने सांगितलं जातं. मुळात ते एका हौशी माणसाने आपल्या भरलेल्या कपाटाकडे बघून काढलेले उद्गार आहेत. मला ते तसेच जास्त आवडतात.

उगाळण्याच्या या वेळात मन शांत होतं, आज काय लिहायचं ते डोळ्यांपुढे आणता येतं, हे खरं आहे आणि गुरूही तसंच शिकवतात. पण प्रत्येकाला तो वेळ गोड वाटत होता असं समजू नका. बीजिंगमध्ये १८६५ मध्ये ‘यीदेगे’ हे दुकान निघालं आणि तिथे तयार पातळ शाई विकायला ठेवली गेली. राजदरबारच्या परीक्षेला बसणाऱ्या उमेदवारांचा वेळ शाई उगाळण्यात जातो, हे बघून मालकाला ही कल्पना सुचली, असं सांगतात. यीदेगेची बाटली आजही मिळते आणि रोज सराव करणारे बहुतेक जण बाटलीतलीच शाई वापरतात.

कागदाची कहाणी आणखी लांब. सुलेखनाचा मानाचा कागद म्हणजे शुआन कागद, आन्ह्वी प्रांतातल्या जिंग तालुक्यात हाताने बनणारा. कच्चा माल दोन प्रकारचा: तिथल्या एका झाडाची, निळ्या चंदनाची म्हणून ओळखतात त्याची, साल आणि भाताचा पेंढा. हे झाड आपल्या चंदनाच्या कुळातलं नाही, नावात चंदन आहे इतकंच. साल आणि पेंढा भिजवायचा, चुन्यात मुरवायचा, उकळायचा आणि मग डोंगराच्या उतारावर पसरून ठेवायचा. ऊन आणि पाऊस तो महिनोन् महिने पांढरा करत राहतात. एकूण शंभराच्या वर टप्पे आणि दोन वर्षांहून जास्त काळ. २००९ मध्ये युनेस्कोने या कागदाची कारागिरी आणि चिनी सुलेखन, दोन्हींना एकाच वर्षी जगाच्या अमूर्त वारशात घेतलं. रसायनं घालून उकळणं लवकर उरकता येतं आणि स्वस्त कागद तसाच होतो. पण उन्हात सावकाश पांढरा झालेला कागद शेकडो वर्षं पिवळा न पडता टिकतो, म्हणून त्याची किंमत.

आता या कागदाचा एक स्वभाव लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुरटी-सरसाचा हात न दिलेला कच्चा शुआन कागद शाई लगेच पितो. कुंचला जागेवर थांबला की शाई पसरत जाते, रेघेची कड फुटते आणि तिथे गोळा तयार होतो. कुंचला फार वेगाने गेला तर शाईला कागदात शिरायला वेळच मिळत नाही. रेघ कोरडी, तुटक होते आणि तिच्यातून पांढरा कागद डोकावतो. म्हणजे हात कुठे रेंगाळला, कुठे निसटला, कुठे घाबरला, हे सगळं कागदावर नोंदलं जातं. वरून परत कुंचला फिरवून डागडुजी करायची सोय नाही. पहिली शाई आणि दुसरी शाई यांच्या कडा वेगवेगळ्या दिसतात आणि जाणकाराला ते क्षणात कळतं. सुलेखनात डागडुजी केलेली रेघ म्हणजे लबाडीच मानली जाते.

एक साधी आडवी रेघ घेऊ. चिनी आकड्यांमधला ‘एक’ म्हणजे नुसती एक आडवी रेघ. शिकाऊ विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी मिळते ती हीच, आणि गुरू वर्षभरानंतरही तीच सुधारत असतात. उजवीकडे जायचं असेल तर कुंचला आधी किंचित डावीकडे टेकवायचा, म्हणजे टोक रेघेच्या पोटात दडतं. मग थोडा दाब, एक क्षण थांबणं, टोक वळवणं. त्यानंतर दाब जरा उचलून उजवीकडे निघायचं. टोक रेघेच्या मधोमध राहायला हवं. ते कडेला गेलं की रेघ एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने कुरतडल्यासारखी होते. हालचाल मनगटापेक्षा खांद्यातून आणि कोपरातून यायला हवी. शेवटाला पोचल्यावर पुन्हा किंचित उचल, दाब, आणि टोक मागे घेऊन रेघेतच मिटवायचं. सोंग काळातला सुलेखनकार मी फू याचं सूत्र प्रसिद्ध आहे: गेलेली कुठलीही रेघ परत आल्याशिवाय राहत नाही. सरावलेल्या हाताला हे सगळं करायला दोन-तीन सेकंद पुरतात. त्या दोन-तीन सेकंदांत वेग चार-पाच वेळा बदललेला असतो.

नवख्याची चूक दोन्ही बाजूंनी होते. ‘संयम संयम’ ऐकून तो इतका हळू जातो की हात थरथरतो आणि रेघ फुगते. कुणी टोकलं की भस्सकन ओढतो आणि रेघ पोकळ होते. जुन्या ग्रंथांत वेगाबरोबर नेहमी आणखी एका गुणाचा उल्लेख येतो. त्याला मराठीत मी अडखळ म्हणेन, कागदाने कुंचल्याला केलेला विरोध. कुंचला पुढे जाऊ पाहतो, कागद अडवतो, हात तो अडथळा मोडून जातो. असं झालं तर रेघेला वजन येतं.

याबद्दल तांग काळातला एक संवाद लिहून ठेवलेला आहे. हुआइसू हा बौद्ध भिक्षू वेडीवाकडी भासणारी अतिधावती लिपी लिहिण्यासाठी गाजलेला. यान झेनछिंगने त्याला विचारलं, तुला तुझी लिपी कशातून मिळाली? हुआइसू म्हणाला, उन्हाळ्यातल्या ढगांकडे बघतो, त्यांची शिखरं कशी बदलतात ते बघतो. मातीच्या भिंतीला गेलेल्या भेगाही त्याने सांगितल्या. त्यावर यानने विचारलं, ‘आणि गळक्या छपराचा ओघळ?’ हुआइसू उठला आणि त्याने यानचा हात हातात घेतला.

ओघळच का? पावसात छप्पर गळायला लागलं की थेंब भिंतीवरून सरळ खाली घसरत नाही. तो थोडा उतरतो, भिंतीच्या खडबडीतपणाला चिकटतो, थांबतो. मागून पाणी येऊन तो भरतो, जड होतो, मग पुन्हा घसरतो, जरा तिरपा जातो, पुन्हा अडतो. सगळा ओघळ वाळल्यावर बघितला तर एकच सलग रेघ दिसते, पण तिच्यात थांबे आहेत आणि प्रत्येक थांब्यानंतर निघण्याचं कारण आहे. ‘हळू लिहा’ या सूचनेपेक्षा ही उपमा कितीतरी नेमकी आहे.

आता झांग झीकडे वळू. चिनी लिपीच्या मुख्य शैली पाच मानतात: शिक्क्यांवर दिसते ती सर्वांत जुनी, मग हान काळातली सरकारी कारकुनांची, शिवाय सुट्या ठसठशीत रेघांची प्रमाण शैली, चालती आणि धावती. सू शीचं म्हणणं होतं की प्रमाण शैली म्हणजे उभं राहणं, चालती म्हणजे चालणं, धावती म्हणजे पळणं. आणि ज्याला उभं राहता येत नाही, चालता येत नाही, तो पळेल कसा? प्रमाण लिपीत प्रत्येक रेघेनंतर कुंचला उचलला जातो, म्हणजे विचार करायला जागा असते. धावत्या लिपीत अख्खं अक्षर, कधीकधी तीन-चार अक्षरं, कुंचला न उचलता जातात. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, पुढच्या अक्षराला जागा किती ठेवायची, हे सगळं जाता जाता ठरतं. चूक झाली तर ती तिथेच राहते. मन घाईत असेल तर हे जमत नाही. घाईत लिहायचं तर सुटी अक्षरं बरी. झांग झीला सवड हवी होती ती मनाची. हाताचा वेग त्याच्याकडे होताच.

तो कसा आला, याचीही गोष्ट आहे. तळ्याकाठी बसून सराव करून करून तळ्याचं पाणी शाईने काळं झालं, असं झांग झीबद्दल सांगतात. अशा गोष्टी या परंपरेत ढिगाने सापडतात. वांग शीझीच्या वंशातला झीयोंग हा भिक्षू सहाव्या शतकातला. तो तीस वर्षं मठाच्या माडीवर राहिला आणि त्याने ‘सहस्राक्षरी’, म्हणजे एकही अक्षर दुसऱ्यांदा न येणारा हजार अक्षरांचा पाठ, आठशे वेळा लिहून गावोगावच्या मठांना वाटला, असं म्हणतात. झिजलेल्या कुंचल्यांची टोकं त्याने टोपल्यांत साठवली आणि शेवटी त्यांना पुरून वर थडगं बांधलं. त्याचं अक्षर मागायला इतकी माणसं यायची की उंबरा झिजला आणि त्याला लोखंडी पत्रा ठोकावा लागला. यातलं किती खरं आणि किती मीठमसाला, हे सोडून द्या. पण झीयोंगच्या हातची मानली जाणारी सहस्राक्षरीची एक प्रत जपानमध्ये आजही आहे. ती पाहिली की आठशेचा आकडा अगदीच अशक्य वाटत नाही. प्रमाण लिपीची एक उभी ओळ आणि तिला लागून त्याच अक्षरांची धावत्या लिपीतली ओळ अशी मांडणी आहे, आणि हजारही अक्षरांत हात कुठे दमलेला दिसत नाही.

सरावाची पद्धत ठरलेली आहे. लहान मुलांना आधी लाल छापील अक्षरांवरून काळ्या शाईने गिरवायला देतात. मग नऊ घरांच्या किंवा तिरप्या रेघांच्या चौकटीत कित्ता शेजारी ठेवून उतरवायचं. मग कित्ता मिटून आठवणीने लिहायचं. मध्ये एक पायरी असते तिच्याकडे बाहेरच्यांचं लक्ष जात नाही: नुसतं बघणं. कित्ता समोर ठेवायचा, कुंचल्याला हात लावायचा नाही, आणि रेघ कुठून आली, कुठे वळली, हे डोळ्यांनी चालून बघायचं. चिनी अक्षरांत रेघा कोणत्या क्रमाने काढायच्या ते ठरलेलं असतं. त्यामुळे शिकलेला माणूस दीड हजार वर्षांपूर्वीचं अक्षरही लिहिणाऱ्याच्या पावलांवर पाऊल टाकत पुन्हा लिहून बघू शकतो. प्रदर्शनात काचेसमोर उभी राहून हवेत बोट फिरवणारी माणसं दिसतात ती म्हणूनच.

आणि सगळं घोटून झाल्यावरही चांगलं अक्षर बोलावल्यावर येतच असं नाही. ३५३ च्या वसंतात आजच्या शाओशिंगजवळ वांग शीझीने मित्रांना जमवलं. वाहत्या ओहोळातून मद्याचे पेले सोडले होते, पेला ज्याच्यापुढे थांबेल त्याने कविता करायची. जमलेल्या कवितांना वांगने तिथल्या तिथे प्रस्तावना लिहिली: २८ ओळी, ३२४ अक्षरं. त्यात ‘झी’ हे एकच अक्षर वीसदा येतं आणि वीसही वेळा वेगळं लिहिलेलं आहे. नंतर शुद्धीवर असताना त्याने तेच पुन्हा नीट लिहून काढायचा प्रयत्न केला, पण पहिल्याची सर आली नाही, अशी आख्यायिका आहे. मूळ कागद आज नाही. तांग सम्राट ताइझोंगने तो आपल्यासोबत थडग्यात नेला असं मानतात. आपल्यापर्यंत पोचल्या त्या नकला, आणि त्यांतली सर्वांत नावाजलेली बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. अशा नकला करायची रीत अशी की मूळ कागदावर पातळ कागद ठेवून प्रत्येक रेघेची बाह्यरेषा केसाएवढ्या बारीक ओळीने काढायची आणि मग आतली जागा भरायची. वांगला एक रेघ ओढायला जितका वेळ लागला असेल त्याच्या कितीतरी पट वेळ नक्कल करणाऱ्याने तिच्यावर घालवला. त्या संथ हातांमुळेच एका दुपारचा वेग टिकला.

हे सगळं सूत्रात बांधायचं काम सुन ग्वोटिंगने ६८७ मध्ये केलं. त्याचा सुलेखनावरचा निबंध त्याच्याच धावत्या अक्षरात आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. लिहायला अनुकूल पाच आणि प्रतिकूल पाच गोष्टी त्याने सांगितल्या आहेत. अनुकूल: मन प्रसन्न आणि हातात काम नाही, मनात कृतज्ञता आणि कदर, हवा सौम्य आणि जरा दमट, कागद आणि शाई एकमेकांना साजेशी, आणि अचानक आलेली लिहायची लहर. प्रतिकूल गोष्टींत पहिलीच आहे ती मन पुढे धावणं आणि शरीर मागे राहणं. रखरखीत ऊन आणि कोरडा वाराही त्याच यादीत आहे. हा माणूस हवेतल्या दमटपणाचाही हिशोब ठेवतो, म्हणून मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

शिकण्याचे त्याने सांगितलेले तीन टप्पे तर चीनमध्ये तोंडपाठ असतात. आधी समतोल आणि सरळपणा साधा. तो जमला की धोका पत्करा, अक्षर कलंडेल इतकं तिरपं जाऊ द्या. तेही जमलं की परत समतोलाकडे या. तिसऱ्या टप्प्यात माणूस आणि त्याचं अक्षर, दोन्ही पिकतात. वांग शीझीचं उत्तम लेखन उतारवयातलं आहे, असं सुन बजावून सांगतो. मिंग काळातला वेन झेंगमिंग याचा ताजा दाखला होता. तरुणपणी परीक्षेत अक्षर वाईट म्हणून त्याला खालची श्रेणी मिळाली. पुढे ऐंशी ओलांडल्यावरही तो मुंगीएवढी प्रमाण अक्षरं लिहायचा, आणि १५५९ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, कुणासाठी तरी मृत्युलेख लिहिता लिहिता कुंचला खाली ठेवून गेला.

जपून ठेवलेल्या कागदांवर पुढच्या लोकांचा वेळही साचतो. वांग शीझीची मानली जाणारी एक छोटी चिठ्ठी आहे, २८ अक्षरांची. बर्फ थांबून ऊन पडलंय, तुमचं बरं असेल अशी आशा आहे, एवढाच मजकूर. अठराव्या शतकात ती सम्राट चियानलोंगच्या हाती होती. १७४६ मध्ये त्याने आपल्या तीन आवडत्या चिठ्ठ्यांसाठी राजवाड्यात खास छोटी खोली केली. त्यांतली ही एक. हिवाळ्यात बर्फ पडलं की चिठ्ठी बाहेर काढायची आणि तिच्याभोवती आपले दोन शब्द लिहायचे, असं त्याने दशकानुदशकं केलं. सत्तरच्या वर नोंदी झाल्या, शिवाय शिक्के. चार ओळींची चिठ्ठी आता बादशाही गर्दीत बसलेली दिसते. अभ्यासकांना यात मालकाचं चिठ्ठीशी जुळलेलं आयुष्यभराचं नातं दिसतं. मला रिकामी जागा न बघवणारा एक हट्टी माणूसही दिसतो.

आज चिनी माणूस फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टाइप करतो आणि समोर आलेल्या चिनी अक्षरांतून हवं ते निवडतो. त्यामुळे हाती पेन घेतल्यावर अक्षरच आठवत नाही, ही घरोघरची तक्रार आहे. २०११ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास कुंचल्याने लिहिण्यासाठी राखायला सांगितला. दुसरीकडे बीजिंगच्या बागांमध्ये सकाळी निवृत्त मंडळी लांब दांड्याला स्पंजचं टोक लावून फरशीवर पाण्याने लिहितात. उन्हाळ्यात ओळ संपेपर्यंत सुरुवात वाळलेली असते. कलाकार छ्यू झीजिएने १९९० ते १९९५ या काळात वांग शीझीची तीच प्रस्तावना एकाच कागदावर, आधीच्या अक्षरांवरूनच, हजार वेळा लिहिली. कागद लवकरच ठार काळा झाला आणि उरलेल्या शेकडो वेळा तो काळ्यावर काळं लिहीत राहिला.

हे सगळं एका कागदावर बघायचं असेल तर यान झेनछिंगचा शोकलेख उघडा. पार्श्वभूमी अशी की ७५५ मध्ये आन लुशान या सेनापतीने तांग राजवटीविरुद्ध बंड केलं. यानचा चुलतभाऊ यान गाओछिंग उत्तरेतल्या एका शहराचा कारभार बघत होता. शहर वेढलं गेलं, जवळच्या सेनापतीने कुमक पाठवली नाही, आणि ७५६ मध्ये ते पडलं. गाओछिंग आणि त्याचा मुलगा जीमिंग दोघेही मारले गेले. दोन वर्षांनी शोध घेतल्यावर जीमिंगचं फक्त शीर मिळालं. त्याच्यासाठी यानने हा मजकूर लिहायला घेतला. हा खर्डा होता, पक्की प्रत नंतर होणार होती, म्हणून अक्षराची काळजी त्याने केलेली नाही.

जुना चिनी लेख उजवीकडून सुरू होतो, ओळी वरून खाली. पहिल्या ओळींत तारीख आणि लिहिणाऱ्याची पदं आहेत. अक्षरं सुटी, रुंद, बऱ्यापैकी शांत. कुंचल्यातली शाई संपत येते तशी रेघ फिकट आणि कोरडी होत जाते, पण तो लगेच थांबत नाही, वाक्य पुढे नेतो आणि मग एकदम काळंभोर अक्षर येतं, म्हणजे तिथे कुंचला पुन्हा शाईत गेला. कुमक न आल्याचा आणि शहर एकटं पडल्याचा भाग येतो तिथे लिहिलेलं खोडलेलं आहे, शेजारी दुरुस्ती केलेली आहे. ओळींमधलं अंतर पाळलं जात नाही. डावीकडे जात जात चालती लिपी धावती होते, आणि शेवटच्या ओळींत, जिथे शोकाचे ठरीव उद्गार आहेत, अक्षरं एकमेकांत शिरतात. यान त्या वेळी पन्नाशीच्या आसपास होता. प्रमाण लिपीतली त्याची शिलालेखांची अक्षरं आजही शाळेतली मुलं कित्ता म्हणून गिरवतात. शिस्त हाडीमांसी भिनलेली होती, म्हणून अशा अवस्थेतही एकेक रेघ उभी राहिली.

मूळ कागद तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. प्रकाशाने नुकसान होतं म्हणून तो क्वचितच आणि थोड्याच दिवसांसाठी बाहेर काढतात. २०१९ मध्ये तो टोकियोला उसना पाठवला तेव्हा तैवान आणि चीन, दोन्हीकडे लोक चिडले होते. पण त्याची छायाचित्रं इंटरनेटवर सहज मिळतात. मोठं करून उजव्या टोकापासून सुरुवात करा आणि काळ्याचं फिकट, फिकटाचं पुन्हा काळं कुठे होतं एवढंच बघत डावीकडे सरका. चिनी अजिबात येत नसलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला यानने कुंचला कुठे बुडवला आणि कुठे बुडवायचा राहून गेला, ते दिसायला लागतं.